बिनइंजिनाची गाडी

जानेवारीतला शनिवार. सकाळची शाळा सुटली, दुपारी घरोघर डबे भरले गेले आणि संध्याकाळी आम्ही अकरा जण टेम्पो ट्रॅव्हलरनं बीड जिल्ह्यातलं आमचं दिंद्रुड सोडलं. सात शिक्षक, तीन शिक्षिका आणि आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते. तेलगाव, वडवणी, बीड, नगर, पुणे असा रात्रभराचा रस्ता, चारशे किलोमीटरच्या घरातला. सहलीला निघालो की आम्ही एरवी प्रत्येक थांब्यावर पोरं मोजत असतो. या खेपेला मोजायला पोरं नव्हती. खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात एक रविवार काढायचा आणि सोमवारी शाळेच्या घंटेला परत हजर व्हायचं, एवढाच बेत होता.

मी विज्ञान शिकवतो. त्यामुळे माझ्या मनात आणखी एक बेत होता. गतिज ऊर्जा, स्थितिज ऊर्जा, अभिकेंद्री बल हे शब्द वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले. ते सगळे एकाच ठिकाणी, पोलादात उभे असलेले पाहायचे होते.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. 'अ‍ॅडलॅब्स'चे मनमोहन शेट्टी यांनी ते उभारलं आणि २०२२मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. तिथलं 'नायट्रो' हे देशातल्या सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरमध्ये गणलं जातं. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत. वाटेत गाडी पाच वेळा उलटी होते. ते बनवलं बोलिगर आणि माबियार या स्वित्झर्लंडच्या कंपनीनं. दोन अभियंत्यांनी १९८८मध्ये काढलेली ही कंपनी या धंद्यात फार मानाची समजली जाते.

रविवार असल्यामुळे रांग मोठी होती. तासभर उभं राहावं लागलं आणि मला तो तास फार मोलाचा वाटला, कारण डोक्यावरून दर काही मिनिटांनी गाडी जात होती आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवं दिसत होतं. मामा बराच वेळ मान वर करून पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "सर, ह्याला इंजिन कुठंय?"

हाच खरा प्रश्न आहे. रोलर कोस्टरबद्दल बाकी जे काही सांगायचं, ते या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. त्या गाडीला इंजिन नाही. मोटार नाही, डिझेल नाही, गिअर नाही. स्थानकातून निघालेली गाडी पहिल्या चढापाशी येते, तिथं रुळांच्या मधून फिरणारी एक जाड साखळी तिला खालून धरते आणि वर ओढत नेते. ज्यानं तेलगावच्या साखर कारखान्यात गव्हाण पाहिली असेल, त्याला हे वेगळं सांगायला नको. गव्हाणीतून ऊस वर ओढून नेणारी साखळी आणि ही साखळी एकाच जातीची. मोटार आहे, पण ती जमिनीवर, साखळी फिरवण्यापुरती. माथ्यावर साखळी गाडीला सोडून देते, आणि तिथून पुढं स्थानकापर्यंतच्या सगळ्या वाटेत गाडीला कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही.

चढताना खट्‌खट्‌ असा आवाज येत राहतो. बसलेल्यांच्या छातीत धडकी भरते ती बहुतेक याच आवाजानं. वास्तविक तो सगळ्यांत धीर देणारा आवाज आहे. चढावर करवतीसारखे दाते बसवलेले असतात आणि गाडीखालचा खटका एकेका दात्यावरून पुढं सरकत जातो. पुढं जाताना तो सहज उचलला जातो, मागं मात्र येऊच शकत नाही. साखळी तुटली, वीज गेली, तरी गाडी जास्तीत जास्त एका दात्याएवढी मागं येईल आणि अडकून उभी राहील.

मामांना मी गावातल्या पाण्याच्या टाकीची आठवण दिली. रात्री लाईट असते तेव्हा मोटार पाणी वर चढवते. सकाळी लाईट असो-नसो, नळाला पाणी येतंच, कारण पाण्याला उंची मिळालेली आहे. ते उंचीच्या जोरावर खाली धावतं. "म्हंजी ही गाडी म्हंजी टाकीतलं पाणीच की," मामा म्हणाले. यापेक्षा नेमकं वाक्य मला पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

उंचीवरून वेग किती मिळेल, हे आठवी-नववीच्या गणितानं निघतं. गुरुत्व त्वरण ९.८, उंची ४०. त्यांचा गुणाकार करून दुप्पट केली की ७८४ येतात. त्याचं वर्गमूळ २८. म्हणजे सेकंदाला २८ मीटर, ताशी शंभर किलोमीटर. नायट्रोचा जाहीर केलेला वेगही शंभराच्याच घरात आहे. रांगेत उभ्या उभ्या मी हा हिशेब आमच्या गणिताच्या मॅडमना दाखवला, तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन पुढची ओळ लिहिली: या गणितात वस्तुमान कुठंच येत नाही. खरंच येत नाही. गाडीत पैलवान बसले काय नि पाचवीतली पोरं बसली काय, उताराच्या पायथ्याशी वेग जवळपास तोच. जडाला जास्त ओढ बसते हे खरं, पण त्याला हलवायलाही तितकंच जास्त बळ लागतं. दोन्हींचा हिशेब फिटतो.

पुढची प्रत्येक टेकडी, प्रत्येक फेरा पहिल्या माथ्यापेक्षा बुटका असतो, याचं कारणही इथंच आहे. चाकांचं घर्षण, वाऱ्याचा अडथळा, रुळांचा थरथराट यांत थोडी थोडी ऊर्जा उष्णता आणि आवाज होऊन निघून जाते. गाडी एकदाच श्रीमंत होते आणि मग खर्चच करत जाते. अभियंत्याचं कसब एवढंच की शेवटचा पैसा स्थानकाच्या तोंडाशी संपावा.

आमची पाळी आली. या गाडीला फरशी नाही. एका ओळीत चौघं, पाय अधांतरी. म्हणून चपला काढून ठेवाव्या लागल्या. फलाटावर ओळीनं लागलेल्या त्या चपला, त्यात मामांची कोल्हापुरी, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. कर्मचाऱ्यानं खांद्यावरून येणारा जाड दांडा छातीशी ओढला, पट्टा लावला, एकदा दाबून पाहिलं, पुढं जाऊन परत आला आणि पुन्हा दाबून पाहिलं. मग पायाखालचा फलाट सरकून खाली गेला. शेजारच्या इंग्रजीच्या सरांनी माझं मनगट धरलं, ते गाडी थांबेपर्यंत सोडलं नाही.

माथ्यावर क्षणभर सगळं शांत होतं. खट्‌खट्‌ थांबते. समोर सह्याद्रीच्या रांगा, खाली गवत, आणि पायाखाली काहीच नाही. मग पोटात गोळा आला.

हा गोळा नेमका कशाचा? आपल्याला वाटतं, वेगाचा. पण वेग शरीराला कळतच नाही. एक्स्प्रेस-वेवर आमची ट्रॅव्हलर ऐंशीनं धावत होती आणि मागच्या सीटवर तिघं घोरत होते. शरीराला कळतो तो वेगातला बदल. आपलं वजन म्हणून जे आपण रोज अनुभवतो, तो असतो खालच्या जमिनीचा, खुर्चीचा, बाजेचा वर येणारा दाब. उतारावर गाडी आपल्याबरोबरच खाली पडत असते, म्हणून खुर्ची दाबायची थांबते आणि आपण हलके होतो. पोटातले अवयवही एरवी खालच्या आधारावर टेकलेले असतात. त्यांचाही आधार सुटतो. कानाच्या आतल्या भागात कॅल्शियमचे बारीक कण असतात, त्यांच्या कलण्यावरून मेंदूला खाली कुठं आणि वर कुठं ते समजतं. त्या क्षणी तेही तरंगतात, आणि मेंदू एकच निष्कर्ष काढतो: आपण पडतो आहोत. लाल डब्याच्या शेवटच्या सीटवर बसून ज्यानं गतिरोधक पार केला आहे, त्यानं याची छोटी चव घेतलेली आहे.

पायथ्याशी नेमकं उलट घडतं. गाडी खालून एकदम वर वळते, खुर्ची जोरात दाबते. अशा कोस्टरवर काही क्षण आपलं वजन साडेतीन-चार पट भासतं. साठ किलोचा माणूस त्या क्षणी अडीच क्विंटलच्या आसपास. हनुवटी छातीकडे ओढली जाते, गाल खाली उतरतात, हात उचलत नाही.

आणि उलटं झाल्यावर पडत का नाही? हे सगळेच विचारतात. आमच्या भागात ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावरून गोफण फिरते. गोफणीतला दगड डोक्यावरून जातो, पण वादी सैल पडत नाही, ताणलेलीच राहते. दगडाला सरळ जायचं असतं, वादी त्याला आत खेचत राहते. भरलेली बादली हात ताठ ठेवून गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तेही यामुळेच. रुळांनी केलेल्या उभ्या कड्याच्या माथ्यावर गाडीचा वेग पुरेसा असेल, तर रूळच तिला आत ढकलत राहतात आणि आपण खुर्चीत दाबलेलेच राहतो. डोकं खाली असताना खुर्ची पाठीला टेकलेली जाणवते, याचं मला फार नवल वाटलं. इतकी वर्षं शिकवलेलं खरं निघालं, याचा आनंद वेगळाच असतो.

पण या कड्याचा आकार नीट पाहावा. तो गोल नाही. अंडं निमुळतं टोक वर करून उभं ठेवावं तसा तो दिसतो. यामागं मोठा इतिहास आहे. १८९५मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप' नावाचा कोस्टर निघाला. त्याचं कडं पूर्ण वर्तुळ होतं, उंची जेमतेम पंचवीस फूट. माणसं उलटी झाली आणि पडली नाहीत, पण मान दुखावून उतरू लागली. गोल कड्यात दोष हा की माथा पार करण्यापुरता वेग घेऊन आत शिरलं, तरी तळाशी वजन सहापट होतं. शिवाय सरळ रुळावरून वर्तुळात शिरताना तो भार हळूहळू वाढत नाही, एका झटक्यात येतो. छोट्या कड्यात तो झटका मानेला सोसत नाही.

उत्तर यायला ऐंशी वर्षं लागली. वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यानं असा वक्र घेतला, ज्याची वळणाची त्रिज्या जागोजागी बदलते. तळाशी वेग जास्त, तिथं वळण मोठं आणि सैल. माथ्यावर वेग कमी, तिथं वळण लहान आणि घट्ट. भार हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. १९७६मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'रेव्होल्यूशन' या कोस्टरवर तो पहिल्यांदा उभा राहिला आणि आता जगभर कड्यातून उलटणारी गाडी बहुतेक अशाच आकारावरून जाते. हा वक्र रस्ते आणि रेल्वे बांधणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होता. सरळ रस्त्यातून वळणात शिरताना स्टिअरिंग एकदम न फिरवता हळूहळू फिरवता यावं, म्हणून चांगल्या रस्त्यांची वळणं तशीच आखतात. धारूरचा घाट चढताना अचानक आलेल्या वळणावर अंग दाराकडे फेकलं जातं, तेव्हा तिथं याच वक्राची उणीव असते.

चाकांबद्दल मला वेगळं सांगायचं आहे, कारण आमच्या जिल्ह्यात सध्या रेल्वे हा जिव्हाळ्याचा विषय आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेली ती गाडी पाहायला माणसं रुळांच्या कडेला उभी होती. रेल्वेचं चाक रुळावर फक्त टेकलेलं असतं. आतल्या बाजूची कड त्याला घसरू देत नाही, पण वर उचललं जाऊ नये म्हणून काहीही नसतं. गाडीचं वजनच पुरेसं असतं. कोस्टरला ते चालत नाही. तिथं रूळ म्हणजे पोलादी नळी आणि तिला तीन बाजूंनी चाकं धरतात: एक वरून भार घेतं, एक बाजूनं वळण सांभाळतं आणि एक खालून. हे खालचं चाक जॉन मिलर या अमेरिकन माणसानं आणलं. त्याचं पेटंट १९१९चं. ते आलं आणि गाडी रुळाला मिठी मारून बसली. त्याआधी उतार बेताचे ठेवावे लागत, कारण माथ्यावर वेग जास्त झाला तर गाडी रूळ सोडून उडण्याची भीती असे.

याच्याही मागं गेलं तर गोष्ट बर्फात आणि कोळशात पोचते. रशियात सतराव्या-अठराव्या शतकात हिवाळ्यात लाकडी उतार बांधून त्यावर पाणी ओतत, त्याचा बर्फ होई आणि माणसं त्यावरून घसरत. फ्रेंचांनी पॅरिसमध्ये १८१७मध्ये त्याला चाकं लावली. आजही फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत रोलर कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात, आणि खुद्द रशियन लोक त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या खाणीतला कोळसा १८२७पासून उतारावरून आपोआप खाली येई. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं होती, आणि खाली येताना त्या खेचरांना गाडीत बसवून आणत. खेचरांना ते इतकं अंगवळणी पडलं की ती उतार चालून उतरायला तयार होईनात. पुढं माणसं मौजेसाठी त्याच रुळांवर बसू लागली. १८८४मध्ये लामार्कस थॉम्पसननं कोनी आयलंडला पाच सेंटात फेरी सुरू केली. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, सायकलपेक्षाही कमी. आपल्याकडे दिल्लीचं 'अप्पू घर' १९८४चं, गोराईचं 'एस्सेल वर्ल्ड' १९८९चं. आमच्या पिढीला मात्र हा खेळ भेटला परळीच्या महाशिवरात्रीला, आकाशपाळण्याच्या आणि पोरांच्या ड्रॅगन रेल्वेच्या रूपात.

दुसऱ्या फेरीला मी मुद्दाम शेवटच्या ओळीत बसलो. पुढच्या ओळीत दृश्य चांगलं, पण पोटातला गोळा मागच्याला मोठा. गाडी लांब असते आणि तिचे सगळे डबे एकाच वेगानं चालतात. पहिला डबा माथा ओलांडतो तेव्हा बाकीची गाडी अजून चढावर असते, म्हणून तो हळूच डोकावतो. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे डबे उतारावर धावत सुटलेले असतात; ते त्याला माथ्यावरून हिसकून नेतात. खुर्चीतून उचललं जाणं काय असतं, ते तिथं कळतं.

ब्रेकची गोष्ट मला आमच्या ड्रायव्हरनं समजावली. तो आधी मालट्रक चालवायचा. "सर, ट्रकची हवा गेली की चाकं जाम व्हतेत. हवा भरल्याबिगर गाडी हलतच नाय." बऱ्याच कोस्टरचे ब्रेक नेमके असेच: मिटलेले राहणं हीच त्यांची मूळ अवस्था, हवेच्या दाबानं ते उघडावे लागतात. दाब गेला तर मिटतात. काही कोस्टरवर घासणारे ब्रेकच नसतात. गाडीखालची धातूची पट्टी बळकट चुंबकांच्या मधून जाते, पट्टीत विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच तिला अडवतात. वीज लागत नाही, काही झिजत नाही. तांब्याच्या नळीतून चुंबक सोडला की तो संथ उतरतो, तो याच नियमानं. शिवाय सगळा मार्ग टप्प्यांत वाटलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, रेल्वेसारखीच.

आमच्या एका मॅडमना रक्तदाबाचा त्रास आहे. त्या बसल्या नाहीत, सगळ्यांचे फोन आणि चष्मे सांभाळत खाली थांबल्या, आणि ते अगदी योग्य केलं. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर बसू नये. सूचना फलकावर लिहिलेली असते. सोबतच्यांनी भरीला घालू नये.

दुपारी 'डीप स्पेस'मध्ये बसलो. तो कोस्टर बंद इमारतीत, अंधारात. तिथं उंच चढाची साखळी नाही. विद्युतचुंबक गाडीला सुरुवातीलाच झटक्यात वेग देतात. पुढचं वळण कुठं आहे ते दिसत नाही, म्हणून मान आधीच सावरता येत नाही, आणि लहान वळणही मोठं लागतं.

सोमवारी दहाला आम्ही शाळेत होतो. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जानेवारीत ऊसतोडीला गेलेले असतात. मुलं आजी-आजोबांकडे राहतात. खोपोलीचं तिकीट त्यांना परवडणारं नाही. पण नायट्रो वर्गात आणता येतो. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दहा-बारा फूट घ्या, बोटाएवढ्या जाडीची. सायकलच्या दुकानातून तिच्यात सहज धावेल असा छर्रा आणा. नळीचं एक टोक भिंतीवर चिकटवा, खाली एक फूट उंचीचं कडं करा. गणित सांगतं, घर्षण नसेल तर कड्याच्या तळापासून एक फुटाच्या जरा वरून छर्रा सोडला तरी तो माथा जेमतेम पार करेल, कारण बंद नळी त्याला माथ्यावरून खाली पडू देत नाही. आमच्या मुलांनी सोडून पाहिला, तो अर्ध्यातून परत आला. दोन-दोन बोटं उंची वाढवत गेले आणि दीड फुटाच्या थोडं वर गेल्यावर तो सुळकन कडं ओलांडून बाहेर पडला. मधला फरक नळीच्या आणि छर्‍याच्या घर्षणानं खाल्ला, हे त्यांनी वहीत स्वतः लिहिलं.

शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: नळी आणि छर्रा मिळून दोनशे रुपयेही लागत नाहीत. या आठवड्यात करून पाहा, आणि पहिला छर्रा वर्गातल्या सर्वांत मागं बसणाऱ्या मुलाच्या हातून सोडा.